आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

परवा रात्रपाळीत एका शिकाऊ नर्सच्या हातातली वापरलेली सुई माझ्या बोटात घुसली. मी रुग्णाचा हात धरून उभी होते, त्याने कळ येऊन हात झटकला, आणि पोरीचा हात तर आधीपासूनच थरथरत होता. तिला मी बोल लावणार नाही. जिवंत माणसाच्या शिरेत कॅन्युला (सलाइनसाठीची बारीक नळी) घालायची तिची ती पहिलीच वेळ.

ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे खऱ्या वस्तूवर संगणकाचं चित्र दाखवणारे चष्मे, अशा प्रशिक्षण कक्षाची फीत कापताना आपण म्हणाला होतात की, यापुढे रुग्णावर हात साफ करायची वेळ कुणावर येणार नाही. चष्मा चढवून फोटोही छान आला होता. नंतर ते चष्मे कपाटात गेले. किल्ली भांडारपालाकडे, भांडारपाल रजेवर, आणि चष्मा फुटला तर पगारातून कापू अशी तोंडी तंबी. कोण हात लावेल?

माझं काय झालं तेही ऐका. अशी सुई टोचली की एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. गोळी घेतली की मळमळ सुरू. पोटात काही ठरत नाही. पुढे तपासण्या आहेत, तोवर घरात कुणाला जवळ घ्यायचं म्हटलं तरी मन कचरतं. रजा मागितली तर वरून विचारणा झाली, ‘सिस्टर, मग वॉर्ड कोण बघणार?’ बरोबरच आहे. निम्म्या जागा रिकाम्या आहेत, निम्म्याहून जास्तच असतील. नेमका आकडा आपल्या खात्याने मोजावा, मला ड्युटीतून वेळ नाही.

मी यंत्राच्या विरोधात नाही. रबरी हातावर त्या चष्म्यातून शिरांचं जाळं दिसतं, सुईचा कोन चुकला तर तिथल्या तिथे कळतं. पण सुई शिरेत शिरतानाचा तो हलकासा झटका, सुईच्या मागच्या कप्प्यात रक्त चढताना ओळखायची नजर, हे नुसत्या चित्रातून येत नाही. त्यासाठी खाली रबरी हात लागतो आणि शेजारी शिकवणारं माणूस लागतं. सराव झाल्यावर ‘कुठे चुकलीस, का चुकलीस’ असं न रागावता विचारणारं. खरं शिक्षण तिथेच होतं, आणि आपण नेमकं तेच पद भरलेलं नाही. हृदय बंद पडल्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे, छाती ५ ते ६ सेंमी खाली गेली पाहिजे. हे शिकवायला १९६० मध्ये रेसुसी ॲन नावाचा पुतळा आला. साहेब, आमचा पुतळासुद्धा त्याच कपाटात आहे.

आणि खरेदी करताना कुणी विचारलं होतं का, की कंपनीने हात वर केले तर पुढे काय? मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ या तसल्याच चष्म्याचं उत्पादन २०२४ मध्ये बंद केलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, तर आमच्या चष्म्यांचं अपडेट कोण देणार, कुठवर देणार, हे कागदावर कुठे आहे? की कागद फक्त उद्घाटनाच्या पत्रिकेचा छापला?

वैमानिकाला खोट्या विमानात बसवल्याशिवाय प्रवाशांचं विमान हातात देत नाहीत. विमानात साहेब लोक बसतात ना! वॉर्डात कोण येतं? ज्याला दुसरीकडे जाता येत नाही तो. त्याच्या हातावर चार ठिकाणी टोचलं तरी तो आम्हालाच ‘थँक्यू सिस्टर’ म्हणतो. दहातल्या एका रुग्णाला उपचार घेतानाच इजा होते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तशी इजा झाली की चौकशी सिस्टरची, निलंबन सिस्टरचं. खरेदीच्या फाइलवर सह्या करणाऱ्यांना बढत्या.

मागण्या थोड्याच आहेत. कपाट उघडा, शिकवणारी माणसं नेमा, सरावाचे तास ड्युटीत धरा, आणि सुई टोचलेल्या माणसाला रजा द्या. लेखी उत्तर हवं आहे. ‘उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असा शिक्का मारून हे पत्र परत आमच्याच अधीक्षकांकडे पाठवू नका, त्यांच्याकडे तसली बरीच पडून आहेत.

आपली,
रात्रपाळीची एक स्टाफ नर्स