झाडे मोजली, पण बी धरते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरी भागातील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ साली राज्याने केलेल्या कायद्यानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना होणे अपेक्षित आहे. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘हेरिटेज’ वृक्षाचा दर्जाही मिळाला. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. मात्र गणनेच्या तक्त्यात मुख्यतः झाडाची जात, खोडाचा घेर, उंची आणि प्रकृती भरली जाते. त्याच्या फुलावर कोण येते आणि शेवटी बी धरते की नाही, यासाठी रकाना नसतो. रस्त्याकडेच्या झाडाबाबत महापालिकेकडून एवढी अपेक्षा ठेवणे कदाचित जास्तीचे ठरेल. विद्यापीठांच्या आवारातील वृक्षसंग्रहाबाबत मात्र ती ठेवलीच पाहिजे, कारण तेथील झाड सावलीपुरते नसते, ते अभ्यासाचे साधन असते.

या बाबतीत पुणे नशीबवान आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला १९४९ मध्ये गणेशखिंडीतील जे सुमारे चारशे एकरांचे आवार मिळाले, ते पूर्वी गव्हर्नरच्या निवासस्थानाचे होते आणि तेथील कित्येक वृक्ष विद्यापीठापेक्षा वयाने मोठे आहेत. तेथून जवळच, १८७३ मध्ये सुरू झालेले गणेशखिंड उद्यान राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत असून २०२० मध्ये ते जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थाही १९६२ पासून गणेशखिंड रस्त्यावरच आहे. जुनी झाडे, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक आणि मधमाश्यांचे जाणकार इतक्या जवळ असताना झाड आणि त्याचे परागवाहक, म्हणजे फुलाफुलांवर पराग पोहोचवणारे कीटक-पक्षी, यांचा विचार एकत्र व्हावा, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे.

बहाव्याचे उदाहरण घेऊ. एप्रिल-मे महिन्यांत त्याचे पिवळे घोस मोबाइलमध्ये टिपायला अर्धे पुणे थांबते, पण फूल हातात घेऊन कोणी पाहत नाही. त्यात दहा पुंकेसर असतात आणि ते सारखे नसतात: तीन लांब, बाकदार, बाकीचे आखूड. काळा भुंगा आखूड केसरांना धरून अंग थरथरवतो आणि परागांचा खाऊ मिळवतो. त्याच वेळी लांब केसरांतील पराग त्याच्या अंगावर पडून पुढच्या फुलाकडे जातात. हा भुंगा घर करतो ते वाळक्या लाकडात किंवा बांबूत, भोक पाडून. आता ज्या आवारात वाळलेली फांदी दिसली की ती छाटून, उचलून ‘स्वच्छता’ केली जाते, तेथे बहावा फुलत राहील, पण भुंग्याला घर उरणार नाही. रस्त्यावर झुकलेली धोकादायक फांदी काढलीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. आवाराच्या आतल्या भागात, जिथे कोणाची ये-जा नाही, तिथे वठलेले खोड उभे राहू देण्यात मात्र काहीच बिघडत नाही.

उंबराची गोष्ट याहून नाजूक आहे. ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो, तो आत मिटलेला फुलोरा असतो. त्याच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून एक चिमुकली गांधीलवर्गीय माशी आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंखही तुटतात. आतल्या फुलांवर पराग पोहोचवून, काही फुलांत अंडी घालून ती तेथेच मरते. पुढच्या पिढीतील बिनपंखी नर बाहेरची वाट कोरतात आणि माद्या पराग घेऊन उडतात. त्यांच्याजवळ एक-दोन दिवसांचेच आयुष्य असते. एका झाडावरची उंबरे बहुतेक एकाच अवस्थेत असल्याने तेवढ्या वेळात त्यांना योग्य अवस्थेतील दुसरे झाड गाठावे लागते. वाऱ्याबरोबर त्या दूरवर जाऊ शकतात हे खरे, पण परिसरात वेगवेगळ्या वेळी बहरणारी पुरेशी उंबरे असतील, तरच ही साखळी बारमाही चालते. म्हणून एखाद्या जुन्या उंबराला पाटी लावून आणि पार बांधून त्याचे संरक्षण पूर्ण होत नाही. गणेशखिंड रस्त्याच्या रुंदीकरणात आणि मेट्रोच्या कामात वाटेतील जुनी झाडे गेल्यानंतर तर आवाराच्या आतील झाडांवरचा भार वाढला आहे.

जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांतील बहुसंख्य पोळे करून नव्हे तर एकेकट्या राहतात आणि त्यांतल्याही बऱ्याच जमिनीत बीळ करतात. पेव्हर ब्लॉक, लॉन आणि झाडाच्या बुंध्यापर्यंत आणलेले काँक्रीट यांनी ही जमीनच बंद होते. पालापाचोळा जाळण्याची सवय अजून गेलेली नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली, तरी हिवाळ्यातील सकाळचा धूर सांगायचे ते सांगतो. डासांसाठीच्या धुरळणीत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातील रसायने डास आणि मधमाशी असा भेद करत नाहीत. तिन्हीसांजेला फुलणाऱ्या बुचाच्या झाडाखाली त्याच वेळी धुरळणी झाली, तर त्या फुलांवर येणाऱ्या पतंगांचे काय होत असेल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

आग्या मोहोळाबद्दल मात्र भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेणे योग्य नाही. तरीही आमच्या सोसायटीत गच्चीच्या छज्जाखाली बसलेले मोहोळ पेस्ट कंट्रोलवाल्याने रात्रीतून फवारून संपवले आणि सकाळी जिन्यावरून मेलेल्या माश्या सुपलीने भरून टाकाव्या लागल्या, तेव्हा दुसरा काही मार्ग आहे का, असे विचारायचेही कोणाला सुचले नव्हते. या माश्या हंगामानुसार स्थलांतर करतात आणि अनेकदा त्याच झाडावर परततात. विद्यापीठाने अशी झाडे हेरून हंगामापुरता खालचा रस्ता बंद ठेवला, सूचनाफलक लावला आणि जवळ धूर करण्यास मनाई केली, तर माणूस आणि माशी दोघांचेही निभेल.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. परागवाहकांचे संरक्षण म्हटले की युरोपीय मेलिफेरा माशीच्या पेट्या ठेवण्याची सूचना हमखास पुढे येते. डाळिंबाच्या बागेला किंवा कांद्याच्या बीजोत्पादनाला पेट्यांचा उपयोग निर्विवाद आहे; शिरूर-खेडकडच्या शेतकऱ्याला तो सांगायला नको. पण वृक्षसंग्रहात भाराभर पेट्या आणल्या, तर त्या सातेरी, फुलोरी आणि पोयाच्या या येथल्या देशी माश्यांच्या तोंडचा मकरंद पळवतात. मध मिळेल, संरक्षण होईलच असे नाही.

करायचे काम खर्चिक नाही. दोन्ही विद्यापीठांनी आपापल्या संग्रहातील प्रत्येक महत्त्वाच्या झाडाचे बी वा रोप कोठून आले याची नोंद पूर्ण करावी. मूळ ठिकाण माहीत नसलेले झाड संवर्धनाच्या कामी अर्धेच उपयोगी पडते. मधमाशी संस्थेच्या मार्गदर्शनाखाली पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ठरावीक झाडांचा फुलोरा, त्यावर येणारे कीटक, पक्षी, वटवाघळे आणि फळधारणा यांची दर आठवड्याला नोंद ठेवावी आणि ती दरवर्षी सर्वांसाठी खुली करावी. विषय समितीची मान्यता मिळाली, तर यातून प्रकल्पाचे गुणही देता येतील. फेब्रुवारीत काटेसावर फुलते. तिच्यावर मैना, बुलबुल आणि मधमाश्या एकाच वेळी येत असल्याने नवख्या विद्यार्थ्यालाही पहिली नोंद तिथून सुरू करता येईल.

आपली,
वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका,
पाषाण, पुणे