सिस्टर, निरोप समारंभात हे बोलणं जमणार नाही

आदरणीय सिस्टर,

या महिनाअखेरीला तुम्ही निवृत्त होताय हे आशाताईंकडून कळलं. समारंभात शाल-श्रीफळ होईल, भाषणं होतील. मी बोलायला उभी राहिले तर रडूच येईल, म्हणून हे पत्र. आणि ते उघड लिहितेय, कारण तुमचं काम कसं चालतं हे जव्हारबाहेरच्यांनाही कळायला हवं.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. आई आजारी असल्यामुळे मला सांगलीला जाता आलं नाही आणि मी तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव घातलं. मनात भीती होती. मोठ्या बहिणीचं बाळंतपण मी जवळून पाहिलेलं. एका दवाखान्यात तिला कळा वाढाव्यात म्हणून घाईने सलाइन लावली, ओरडली म्हणून मांडीवर चापट मारली, वरून पोट दाबलं. बाईने हे सोसायचंच असतं असं मी धरून चालले होते.

तुम्ही हात लावण्याआधी विचारलंत. "आता तपासते हं. ही कळ जाऊ दे, मग बघू." पिशवीचं तोंड किती उघडलंय, अजून किती वेळ लागेल, सगळं सांगत होतात. मला खाटेवर पाडून ठेवलं नाहीत, व्हरांड्यात फिरू दिलंत, चहा प्यायला लावलात. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके मोजून तक्त्यावर मांडत होतात. ठोके नीट आहेत, कळा पुढे सरकताहेत, मग घाई कशाला, असं तुमचं म्हणणं. काही न करता लक्ष ठेवून बसणं हेही कामच आहे, हे मी तुमच्याकडे पाहिलं.

आणि पाड्यावरच्या सुईण आजींना तुम्ही आत घेतलंत! बाळंतिणीसोबत बाई असू द्यावी, असं केंद्र सरकारनेच 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांना सांगितलंय, पण अनेक ठिकाणी नातेवाईक अजून दाराबाहेरच उभे असतात. आजी माझ्या उशाशी बसून कंबर चोळत होत्या. तुम्ही त्यांना "आजी, तुमचा हात हलका आहे" म्हणालात. ज्यांचं काम दवाखान्यांनी काढून घेतलं, त्यांना तुम्ही मान दिलात. पाड्यावरच्या बायका कळा सुरू होताच तुमच्याकडे का येतात, हे मला तिथे समजलं.

मुलगी झाली. तिला पुसून लगेच माझ्या छातीवर ठेवलंत, मला इंजेक्शन दिलंत आणि नाळेतले ठोके थांबल्यावर ती कापलीत. वारही पडली, पण अंगावरून जाणं थांबेना. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे जगभर मातामृत्यूचं सर्वांत मोठं कारण आहे, हे मी नंतर वाचलं. तेव्हा मला फक्त तुमचे हात दिसत होते. ओटीपोटावरून पिशवी चोळत होतात, नळीने लघवी काढलीत, औषध घातलेली सलाइन सुरू केलीत, कुठे फाटलंय का ते पाहिलंत, डॉक्टरांना बोलावणं धाडलंत, 108 ला फोन करवलात. तुमचा आवाज एकदाही चढला नाही. "बघ, पिशवी घट्ट होतेय," असं मला सांगत राहिलात. गाडी आली तोवर रक्त थांबलं होतं. तरीही तुम्ही मला कुटीर रुग्णालयात पाठवलंत, आणि स्वतः गाडीत बसलात.

मी शिकवते त्या वर्गातल्या एका मुलीच्या आईलाही तुम्हीच वाचवलंत. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय एवढंच ती म्हणाली होती. तुम्ही रक्तदाब पाहिलात, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दिलात आणि मगच तिला पुढे पाठवलंत. कुठे थांबायचं आणि कुठे क्षणभरही थांबायचं नाही, हे ओळखणं मला या कामातलं सर्वांत अवघड वाटतं.

दिवाळीनंतर इथली कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. कुठली गरोदर बाई कुठल्या भट्टीवर आहे, तिचे दिवस कधी भरतात, हे तुमच्या वहीत असतं. तिचं कार्ड तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून देता आणि होळीला ती परतली की आधी तेच मागता. हे कुठल्या अहवालात येतं?

कंदिलाच्या उजेडात घरोघरी बाळंतपणं करण्यापासून तुमची नोकरी सुरू झाली. मग 2005 मध्ये दवाखान्यात बाळंतपण व्हावं म्हणून पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली, 2014 मध्ये 108 ची गाडी. महाराष्ट्रात 2004-06 ला लाख जिवंत जन्मांमागे 130 माता दगावत. 2018-20 ला हा आकडा 33 वर आला. त्याचं श्रेय योजनांना मिळतं, मिळायलाही हवं. पण रात्री दोन वाजता दार उघडणाऱ्या बाईचं नाव त्यात कुठेच नसतं, याचा मला राग येतो.

एक मागणं आहे. परिचारिकांना दीड वर्षाचं खास प्रसूतिसेविका प्रशिक्षण द्यायचं केंद्राने 2018 मध्ये ठरवलं. तिथे शिकवायला तुमच्यासारखीला बोलावलं, तर नाही म्हणू नका. गुडघे दुखतात हे माहीत आहे. खुर्चीत बसून शिकवा. नव्या सिस्टरलाही जाण्याआधी आजींच्या घरी घेऊन जा, ओळख करून द्या.

मुलीचा लसीचा पुढचा डोस गुरुवारी आहे. तुमच्याच हातून घ्यायचा आहे, सकाळी येतो.

तुमची,
जिल्हा परिषद शाळेतल्या बाई