मार्कच्या सोळाव्या अध्यायाखालची टीप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'बायबलमधली प्रत्येक ओळ जशीच्या तशी देवाची, तिच्यावर शंका घेणे हा श्रद्धेचा अपमान' असे सांगणारे एका वाचकाचे पत्र आपल्या सदरात वाचले. मी कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घरात वाढले. आई संडे स्कूलमध्ये शिकवायची. नाताळात कॅरोल म्हणत आम्ही रात्री उशिरापर्यंत घरोघर फिरायचो. आज माझा देवावर विश्वास उरलेला नाही, पण हे पुस्तक वाचणे मी सोडलेले नाही.

तीन वर्षांपूर्वी माझी मावशी एका चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेला, गेली. तिथे तिच्या डोक्यावर हात ठेवून बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातले (येशूच्या चरित्रातले) १६:१८, म्हणजे सोळाव्या अध्यायाची अठरावी ओळ, हे वचन वाचले गेले. विश्वास ठेवणाऱ्यांनी दुखणाइतांवर हात ठेवले की ते बरे होतील, असे ते वचन आहे. घरी येऊन मावशीने रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे बिस्किटाच्या डब्यात भरली आणि डबा कपाटावर टाकला. "आता गोळी घेतली तर माझा विश्वासच खोटा ठरेल गं," असे ती मला म्हणाली. पाच आठवड्यांनी पहाटे तिची जीभ जड झाली, उजवा हात लुळा पडला. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी गोळ्यांबद्दलच विचारले आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.

नंतर मी ते वचन काढून वाचले. माझ्याकडच्या मराठी प्रतीत ९ ते २० या ओळी कंसात आहेत आणि खाली बारीक टाइपात टीप आहे: काही जुन्या हस्तलिखितांत हा भाग नाही. ही हस्तलिखिते ऐऱ्यागैऱ्यांची नव्हेत. चौथ्या शतकातली कोडेक्स सिनायटिकस आणि कोडेक्स व्हॅटिकॅनस ही दोन्ही मार्कचे शुभवर्तमान आठव्या ओळीलाच संपवतात. स्त्रिया थरथर कापत येशूच्या कबरेपासून पळून गेल्या आणि भीतीमुळे कोणाला काही बोलल्या नाहीत, बस्स. व्हॅटिकॅनसमध्ये तर त्यापुढचा एक रकाना कोराच आहे. पुढच्या बारा ओळी मार्कच्या हातच्या नसून मागाहून जोडलेल्या आहेत, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात, आणि त्यांत श्रद्धावान ख्रिस्तीही पुष्कळ आहेत. जोड जुनी आहे हे खरे. दुसऱ्या शतकात आयरेनियस या ख्रिस्ती धर्माचार्याने त्यातले एक वचन उद्धृत केलेले आहे. पण जुनी म्हणून ती मूळची ठरत नाही.

बरे, ते वचन मूळचेच धरले तरी अडचण सुटत नाही. विश्वास ठेवणारे साप उचलतील, विष प्याले तरी त्यांना बाधणार नाही, हेही तिथेच लिहिले आहे. पावसाळ्यात उसाच्या फडात साप निघाला तर आमच्या मंडळीतला कितीही श्रद्धाळू माणूस आधी काठीच शोधतो, आणि त्याचे बरोबरच आहे. अमेरिकेत जॉर्ज हेन्सली या उपदेशकाने ते वचन अक्षरशः पाळले, उपासनेत साप हाताळण्याची प्रथा रुजवली, आणि १९५५ मध्ये तो सर्पदंशानेच मेला. सापाचा भाग अलंकारिक आणि हात ठेवण्याचा भाग अक्षरशः, ही विभागणी कोणी केली? ग्रंथाने तर केलेली नाही.

उलट त्याच नव्या करारात प्रेषित पौलाच्या नावावरची पत्रे पाहा. पौलाचा सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या तक्रारीवर आणि वारंवारच्या दुखण्यांवर त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले आहे. त्रफिम हा दुसरा सहकारी आजारी होता म्हणून त्याला मिलेत या शहरात मागे ठेवले, असेही लिहिले आहे. या दोघांचा विश्वास कमी पडला, असे पत्रात कुठे म्हटलेले नाही. मावशीला मात्र आजारपणात कोणीतरी नेमके तेच ऐकवले. ती रडली, आणि मला सर्वांत जास्त राग त्याचा आला.

हेच पुस्तक घेऊन अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळा काढल्या. पुढे डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले, शस्त्रक्रिया केल्या. प्रार्थना तेही करत होते, आणि प्रार्थनेनंतर हातात शस्त्र घेत होते.

शंका अर्थातच एका अध्यायापुरत्या नाहीत. येशूच्या जन्माचे भाकीत म्हणून वाचल्या जाणाऱ्या, जुन्या करारातल्या यशया ७:१४ मधला हिब्रू शब्द 'तरुण स्त्री' असा आहे, ग्रीक भाषांतरात त्याची 'कुमारी' झाली आणि मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात त्याच भाषांतराचा आधार घेतला. शब्दाच्या मुळाशी जाण्यात अश्रद्धा असती, तर पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणण्यात आयुष्याची शेवटची वर्षे घातली नसती.

पाळक जिथे शिकतात त्या ईश्वरविज्ञानाच्या महाविद्यालयांत मार्कच्या शेवटाचा हा प्रश्न शिकवला जातो. म्हणून माझे म्हणणे चंगाईवाल्यांपेक्षा आपल्या मंडळ्यांच्या पाळकसाहेबांना आहे. तुम्हाला हे ठाऊक असते, तर उपदेशात का येत नाही? येत्या रविवारी उपासनेत मार्कचा सोळावा अध्याय वाचा आणि त्याखालची टीपही त्याच आवाजात वाचा. मावशी अजून चर्चला येते, पुढच्या बाकावर बसते. पाने मी उलटून देते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर