काठ मोडू देऊ नकोस

चि. मंजूस,
अनेक आशीर्वाद.

तलावाच्या समितीत तुझं नाव आलं, फार बरं वाटलं. पहिलंच काम गाळ काढायचं निघालंय असं कळलं, म्हणून पोकलेन तलावात उतरायच्या आत हे लिहून पाठवतोय. गाळ काढायलाच हवा. पण कुठून काढायचा आणि कुठे हातही लावायचा नाही, हे आधी ठरलं नाही तर एका उन्हाळ्यात तलावाची दगडखाण होते. पाणी भरपूर दिसतं, पण त्यात काही जगत नाही.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातले आपले तलाव खणलेले नाहीत, अडवलेले आहेत. गोंड राजांच्या राज्यात जो तलाव बांधेल त्याला जमीन सारामाफीने मिळायची, तिला तुकूम म्हणत. कोहळी लोकांनी ही विद्या इतकी साधली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. 1951 साली मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदावर ‘माजी मालगुजारी’, बोलण्यात ‘मामा तलाव’ झाले. बांधणाऱ्यांनी जागा निवडली ती तिरक्या ठेवलेल्या परातीसारखी. एका बाजूला मातीची पाळ, तिच्यापाशी पाणी खोल. उरलेल्या तीन बाजूंना जमीन हळूहळू चढत झुडपी जंगलात आणि पुढे टेकडीवरच्या ऐन-मोहाच्या झाडीत शिरते.

या चढावाचा हिशोब नीट समजून घे, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. समज, शंभर मीटर मागे गेल्यावर जमीन एक मीटर चढते. मे महिन्यात उन्हाने रोज साधारण एक सेंटिमीटर पाणी उडून जातं. म्हणजे पाण्याची कड रोज एक मीटर मागे सरकते आणि रोज मीटरभर रुंदीचा ओला, ताजा चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्यात अळ्या, गोगलगायी, किडे असतात. तुतारी आणि शेकाट्या हे छोटे पक्षी अगदी कडेला टोचत फिरतात, बगळे घोटाभर पाण्यात, करकोचे गुडघाभर पाण्यात. ज्याच्या पायाची जेवढी उंची तेवढ्या पाण्यात त्याचं ताट. आता तोच काठ पोकलेनने उभा कापला, तर पाणी सेंटिमीटरभर उतरल्यावर सेंटिमीटरभरच भिंत उघडी पडते. तिथे बगळ्यालाही उभं राहता येत नाही, आणि पाणी प्यायला आलेली गाय-वासरं, चितळं घसरतात.

पाण्याखालीही तीच गोष्ट. उन्ह तळापर्यंत पोचतं तिथवरच पाणवनस्पती मूळ धरतात. देवधान, कमळ, शिंगाडा, तळाशी रुजणारं हिरवं गवत, सगळं या उथळ पट्ट्यातलं. पावसाळ्यात कमळाच्या पानांकडे निरखून बघ. पानावर चार तकतकीत तपकिरी अंडी दिसतील, खाली गवताच्या चार काड्या असल्या तर असल्या. ती कमळपक्ष्याची. मादी अंडी घालून निघून जाते, उबवायचं आणि पिल्लं वाढवायचं काम नर करतो. पान बुडेल असा धक्का लागला की वीण गेली, म्हणून त्या दिवसांत कमळातून डोंगा घालू द्यायचा नाही. तिथेच कधी पाण्यावर नारिंगी ठिपक्यांचा गोळा वळवळताना दिसेल. ती मरळीची पिल्लं. खाली नर-मादी राखणीला असतात. त्यांना धरलं की पिल्लांचा गोळा दुसरे मासे तासाभरात संपवतात.

आता गाळ. तो सगळ्यात जास्त पाळीकडच्या खोल भागात साचतो, तिथूनच काढायचा. पण पाळीच्या पायथ्यापासून निदान वीस पावलं सोडून. पायथा कोरला की पाळ बसते. किती खोल जायचं, हे मशीनवाल्याच्या मनावर सोडू नकोस. आधी चार-पाच ठिकाणी फावड्याने खड्डे घेऊन बघ. वर काळा, भुसभुशीत, कुजक्या पानांचा वास असलेला थर गाळाचा. त्याखाली चिकण मातीचा घट्ट थर लागतो. ओल्या मातीची तळहातावर पेन्सिलीएवढी बारीक वळी केली आणि ती तुटली नाही, तर थांबायचं. तो थर म्हणजे तलावाचं बूड. खाली मुरूम आहे. बूड फुटलं की पाणी मुरमातून निसटतं आणि दिवाळीलाच तलाव कोरडा पडतो. कंत्राटदाराला मुरूम हवा असतो, गाळ नव्हे, म्हणून खणताना समितीचं माणूस रोज तिथे उभं पाहिजे.

हिशोबही आधी मांड. एक हेक्टरवरून दहा सेंटिमीटर गाळ म्हणजे हजार घनमीटर, साधारण साडेतीनशे ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). शेतात एकरावर इंचभर पसरायला छत्तीस ब्रास लागतो. म्हणजे हेक्टरभराचा गाळ दहा एकरांत संपला. किती शेतकरी नेणार ते कळल्याशिवाय खणायला सुरुवात करू नका. पाळीवर ढीग लावलेला गाळ पहिल्या पावसात परत तलावात येतो.

बेशरम, म्हणजे काठाने माजणारं ते झुडूप, काढायची तर याच उन्हाळ्यात, तळ सुकलेला असताना. वरून छाटू नका. छाटली की दुप्पट फुटते आणि छाटलेली प्रत्येक कांडी ओल्यात पडली की पेऱ्यातून मूळ सोडते. टिकावाने मुळासकट उपटायची, पाण्याच्या रेषेच्या वर नेऊन पूर्ण वाळू द्यायची. चिकाने हात खाजतात, हातमोजे घाला. पहिल्या पावसानंतर तीन आठवड्यांनी परत फेरी मारून नवे कोंब उपटा. ही दुसरी फेरी लोक टाळतात, म्हणून मेहनत वाया जाते. बेशरम गेलेल्या जागी शेजारच्या चांगल्या तलावातून कमळाचे गड्डे आणि पाणगवताचे जुडगे आणून घोटाभर चिखलात लावा. मोकळी जागा सोडली तर बेशरमच परत येते.

पाळीवर वाढलेली झाडं कापून टाकावीत असं कुणी सुचवेल. मोठं झाड कापलं की मूळ आत कुजतं आणि पाळीतून आरपार नळी तयार होते. लहान रोपं उपटा, मोठ्यांना राहू द्या. पावसाळ्यात पाळीच्या मागच्या बाजूने चालत जा. झिरपतंय ते पाणी स्वच्छ असेल तर चिंता नाही, त्यावर विहिरी भरतात. गढूळ असेल तर पाळीची माती वाहून जातेय, त्याच दिवशी हालचाल हवी. तिथे माती थापून भोक बुजवू नका, पाणी दुसरीकडून फोडून निघतं. आधी जाड वाळू, त्यावर गिट्टी, त्यावर दगड असा थर द्या. पाणी जातं, माती अडते. आणि लगेच जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाला कळवा. सांडव्यावर रेतीची पोती टाकून जास्त पाणी अडवायचा मोह दरवर्षी कुणाला तरी होतो. धानाच्या रोवणीच्या दिवसांत लोकांची गरज खरी असते, तरी हे होऊ देऊ नकोस. सांडव्याची उंची पाळीच्या हिशोबाने ठरलेली असते. पाणी एकदा पाळीवरून गेलं की मातीची पाळ उभी राहत नाही.

मासेमारी ढिवर बांधवांच्या संस्थेकडे आहे, त्यांना विचारल्याशिवाय पाण्याचा एकही निर्णय घेऊ नकोस. तलावातले मासे त्यांच्याएवढे कुणाला कळत नाहीत. रोहू, कतला साचल्या पाण्यात वीण करत नाहीत, म्हणून त्यांचं बीज दरवर्षी आणावं लागतं. गावठी मासे मात्र आपले आपण वाढतात, पहिल्या पुरात नाल्याने वर चढून धानाच्या बांध्यांच्या उथळ पाण्यात अंडी घालतात. पहिले पंधरा दिवस नाल्याच्या तोंडाशी जाळं लागता कामा नये, एवढं ग्रामसभेत ठरवून घ्या. बीजात टिलापिया किंवा थाई मांगूर हे बाहेरचे मासे मिसळून येत नाही ना, हे सोडण्याआधी परातीत ओतून तपासा.

तलावाचं आरोग्य टेकडीवर ठरतं. मोहाची फुलं वेचायला सोपं पडावं म्हणून झाडाखाली पाला जाळतात, ती आग वर पसरते. पाला नसला की पहिला पाऊस नुसती माती घेऊन खाली येतो, म्हणजे आज काढलेला गाळ चार वर्षांत परत. जाळण्याऐवजी झाडाखालचं झाडून घ्यायचं, हे मोह वेचणाऱ्या बायांशी तू बोललीस तर पटेल.

वाद झाला तर गावाचं निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज तहसीलमधून काढून वाच. पाणी, गाळ, चराई, वाट, कुणाचा कसला हक्क आहे ते तिथे नोंदलेलं असतं.

आणि सारस. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः आपल्याच गोंदिया जिल्ह्यात उरलाय. 2021 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. पावसाळ्यात उथळ पाण्यात किंवा धानाच्या बांधीत गवताचा मोठा ढीग रचून जोडी बहुधा दोन अंडी घालते, महिनाभर आळीपाळीने उबवते. कुणाच्या बांधीत ढीग दिसला तर त्या शेतकऱ्याशी बोल. घरट्याभोवतीचं धान थोडं तुडवलं जातं, तेवढी भरपाई समितीने गोळा करून द्यावी आणि तिथे फवारणी करू नये. फोटो काढायला जाणाऱ्यांना शंभर पावलांवर थांबव. विजेच्या तारा तलावाच्या काठावरून गेल्यात तिथे मोठे पक्षी अडकून मरतात. त्या खांबांचे नंबर लिहून वीज कंपनीला अर्ज दे.

पोकलेन सोमवारी येणार असेल तर रविवारी दोघी-तिघी मिळून चुन्याची फक्की घेऊन जा. जानेवारीत जिथे गुडघाभर पाणी होतं ती रेष जुन्या गवताच्या कडेवरून ओळखू येते. ती पूर्ण फिरून आखा, आणि मशीनवाल्याला सगळ्यांसमोर सांगा की या रेषेच्या वर बकेट लागणार नाही. खड्डे घेतलेस की बुडाचा थर किती खोल लागला ते मला कळव.

तुझे,
बाबा