ट्रान्सफॉर्मर तांब्यासाठी फोडू नका

माननीय संपादक,
स. न.

हल्ली ई-कचरा संकलनाच्या मोहिमांमध्ये माळ्यावरचे व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचे) रेडिओही येतात. लाकडी कॅबिनेट शोभेसाठी कुणीतरी उचलून नेतो. आतला मेन्स ट्रान्सफॉर्मर (घरच्या विजेवरून व्हॉल्व्हना लागणारे व्होल्टेज देणारा) पुन्हा वापरता येतो, पण तो मात्र तांब्यासाठी छिन्नीने फोडला जातो. उभी हयात रेडिओदुरुस्तीत गेलेल्या माझ्यासारख्याला हे बघवत नाही.

एसीवरच्या बहुतेक सेटमधल्या या ट्रान्सफॉर्मरमध्ये साधारण २५०-०-२५० व्होल्टचे (मधल्या टोकापासून दोन्हीकडे २५०) एचटी म्हणजे उच्च दाबाचे वाइंडिंग आणि फिलामेंटसाठी (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेसाठी) ६.३ व्होल्टचे वाइंडिंग असते. आज असा नग नव्याने गुंडाळून घ्यायचा तर कारागीर शोधत फिरावे लागते. (एसी आणि डीसी दोन्हींवर चालणाऱ्या एसी-डीसी सेटमध्ये हा ट्रान्सफॉर्मर नसतोच. त्यांची चासी (धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असते, म्हणून ते उघडताना विशेष जपावे.)

ट्रान्सफॉर्मर चांगला आहे का, याची तपासणी सोपी आहे. सेकंडरीची (बाहेर वीज देणाऱ्या वाइंडिंगची) सगळी टोके मोकळी ठेवून प्रायमरीच्या (मेन्सला जोडायच्या वाइंडिंगच्या) सिरीजमध्ये ६० वॅटचा साधा बल्ब लावावा. बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा जेमतेम लाल राहिला, तर वेढे शाबूत आहेत. लख्ख पेटूनच राहिला तर वाइंडिंग आत शॉर्ट आहे. तो नग खुशाल भंगारात द्यावा. शाबूत नगाचे मग मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) इन्सुलेशन पाहावे. प्रायमरीला २२० आणि २४० असे टॅप (जोडणीची वेगवेगळी टोके) असतील तर २४०चाच वापरावा, नाहीतर आजच्या पुरवठ्यावर फिलामेंटला जास्त व्होल्टेज जाऊन व्हॉल्व्ह लवकर मरतात.

मूळ सेटमध्ये हा ट्रान्सफॉर्मर ईसीएच८१, ईबीएफ८९, ईएल८४ अशा व्हॉल्व्हचा सगळा ताफा पोसत होता. एक ईसीसी८३ आणि एक ईएल८४ या दोनच व्हॉल्व्हचा छोटा मोनो (एकाच चॅनेलचा) अ‍ॅम्प्लिफायर केला तर फिलामेंटला जेमतेम १.०६ अँपिअर लागतात, एचटीवर पन्नास-पंचावन्न मिलिअँपिअर. तासन्‌तास चालवा, ट्रान्सफॉर्मर कोमटच राहतो. स्टिरिओचा मोह मात्र टाळावा. एचटीचा भार दुप्पट होतो आणि वाइंडिंग जळते.

नवख्यांनी हे काम जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे. फिल्टर कंडेन्सरवर (एचटीची वीज साठवणाऱ्या भागावर) तीनशेहून जास्त व्होल्ट डीसी असतात आणि स्विच बंद केल्यावरही ते टिकतात. कंडेन्सर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करून, मीटरने शून्य पाहूनच आत हात घालावा.

महापालिकांच्या संकलन केंद्रांनी असे ट्रान्सफॉर्मर वायरची टोके न तोडता अखंड काढून वेगळे ठेवावेत, ही विनंती. टोकांचे रंग दिसले की निम्मे काम होते. तांब्याच्या भावापेक्षा जास्त पैसे मोजून ते नेणारे हौशी लोक आणि विद्यार्थी आजही आहेत.

– एक जुना रेडिओ मेकॅनिक, पुणे