हॉलची डायरी आणि फादर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

डॉक्टर, पोलीस, शिक्षक यांच्यावरच्या ताणाविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळते. आम्हा वसईकर ख्रिस्ती लोकांच्या रोजच्या पाहण्यातला एक माणूस मात्र त्यात कधी नसतो. तो म्हणजे आमचे फादर.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. लागोपाठ दोन लग्ने लावून फादर जेवायला बसले होते. मी पॅरिश (एका चर्चचा धर्मग्राम) कौन्सिलच्या कामाने गेलो होतो. त्यांची भाकरी मोडून होईस्तोवर तिघे डोकावून गेले. एकाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा, दुसऱ्याला मे महिन्यासाठी चर्चचा हॉल, तिसऱ्याची तक्रार दफनभूमीतल्या नळाची. मी म्हटले, "फादर, दमलात." ते हसले. "मिस्सेने (चर्चमधल्या उपासनेने) नाही दमत. मयताच्या घरी रात्रभर बसलो तरी नाही दमत. या हॉलच्या डायरीने दमतो."

ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ लेस्ली फ्रान्सिस स्वतः अँग्लिकन धर्मगुरू. धर्मगुरूंसाठी त्यांनी केलेल्या प्रश्नावलीत थकवा आणि कामातले समाधान वेगवेगळे मोजतात. एकच माणूस कामात तृप्तही असतो आणि पार गळूनही गेलेला असतो. समाधान भरपूर असेल तर थकवा सोसवतो, असे त्यांचे म्हणणे. आमच्या फादरांचे समाधान कशात आहे ते त्यांनी सांगितलेच. त्यासाठी त्यांच्या हाती वेळ किती उरतो, ते आम्ही ठरवतो.

कॅथलिक चर्चचा १९८३चा कायदा या बाबतीत आमच्यापेक्षा शहाणा आहे. कलम ५३३ प्रमाणे पॅरिशच्या प्रमुख धर्मगुरूला वर्षाकाठी महिनाभरापर्यंत सुट्टी घेता येते, रिट्रीटचे (एकांतातल्या प्रार्थनेचे) दिवस त्यात धरायचे नाहीत, आणि मागे दुसऱ्या धर्मगुरूची सोय लावणे हे बिशपांचे काम. कलम ९०५ प्रमाणे दिवसाला एकच मिस्सा. धर्मगुरू कमी असतील तर बिशपांच्या परवानगीने दोन, रविवारी-सणाला फार तर तीन. हॉलच्या बुकिंगला मात्र कुठल्याच कलमात मर्यादा नाही!

आणि सुट्टी घेतली तर? मागे आमचे एक फादर दहा दिवस भावाकडे जाऊन राहिले, तेव्हा 'चर्च वाऱ्यावर सोडले' म्हणणाऱ्यांत मीही होतो.

प्रत्येक पॅरिशला अर्थसमिती असावी, असेही हाच कायदा सांगतो. बँकेतून, रेल्वेतून निवृत्त झालेली माणसे वसईत पायलीला पन्नास मिळतील. हॉल, नळ, मंडप, पार्किंग त्यांनी पाहावे. दाखल्यावर सही फादरांची किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाची लागेल, पण रजिस्टर धुंडाळून मजकूर उतरवून ठेवायला फादरांनीच कशाला बसायचे?

आमच्याकडे जूनपासून हॉलची डायरी माझ्या घरी आली आहे. पहिल्याच आठवड्यात रात्री साडेदहानंतर तिघांचे फोन आले. चौथ्याने मला टाळून थेट फादरांनाच लावला.

– एक धर्मग्रामवासी, वसई (जि. पालघर)