पेट्रोलचा पाइप आणि पट्टीची क्लिप

महोदय,

गुहागरात माझं छोटं गॅरेज आहे. गेल्या आठवड्यात एका पोराने कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत इंजेक्शनचं, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारणारं, इंजिन बसवून आणलं. बॉनेट उघडलं तर पेट्रोलचा भपकारा! पाइप जुनाच, वर पट्टीची क्लिप एवढी आवळलेली की रबर कापून आतला दोरा दिसत होता. कार्ब्युरेटरला पाव-अर्धा बार दाब पुरतो, इंजेक्शनला तीनच्या आसपास लागतो. पाइप त्या दाबाचा हवा, क्लिप रबराला न चावणारी. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून तर जुन्या रबरावर माझा भरवसाच नाही.

पाइपाच्या पुढच्या जोडाचं तोंड शंकूसारखं निमुळतं असतं; इथे त्याचा उतार ३७ अंशांचा, नट ४५ अंशांचा. त्या मापात आटे जुळतात, म्हणून घट्ट झाला; तोंड मात्र बसलंच नव्हतं. वर टेफ्लॉन टेप! अहो, इथे पेट्रोल शंकू अडवतो, आटे नव्हे.

दुकानदारांनी निदान अंश विचारून नट द्यावा. पोराची गाडी अजून माझ्याकडेच आहे. पाइप आल्याशिवाय चावी देणार नाही.

– एक गॅरेजवाला, गुहागर